थांब्याचं कारण

आमच्या अप्पांनी समुद्रकाठच्या त्या गावाला जाण्याचे अकरा बेत आखले आणि अकराही बेत उत्तम पार पडले, फक्त घराबाहेर पाऊल पडलं नाही. एका जाड वहीत प्रत्येक बेताला स्वतंत्र पान आहे. वर तारीख, खाली सही आणि सहीच्या खाली लाल शाईत ‘रद्द’.

अप्पा एकतीस वर्षं बसच्या डेपोत वेळापत्रक लावायचे. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, का थांबेल, सगळं त्यांच्या टेबलावरून निघायचं. डेपोत त्यांचं नाव घेऊन चौकशी केली तर कुणी ओळखायचं नाही. ‘टाइमटेबल कुठे बसतात?’ म्हटलं की शिपाई लगेच बोट दाखवायचा. घरी दूध उतू गेलं तर अप्पा गॅस बंद करायला उठणार नाहीत, आधी विचारतील, “ठेवून किती मिनिटं झाली होती?”

मी त्यांची मुलगी. दवाखान्याच्या भांडारात चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असल्या वस्तू सांभाळते. आलं किती, गेलं किती, उरलं किती, दिवसभर हेच. माझं घर आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे कामावरून परतताना संध्याकाळचा चहा तिच्याकडे ठरलेला. चहापेक्षा त्या दोघांचं बोलणं ऐकायला मी जाते, हे आईला माहीत आहे, म्हणून ती चहा पातळ करते.

त्या गावात आईची धाकटी बहीण राहते, माझी मावशी. तिचं घर अगदी समुद्रासमोर. वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीला हातभर गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या. त्या खोलीला मावशीकडे बावीस वर्षं ‘ताई-भाऊजींची खोली’ म्हणतात. त्यातली ताई तीनदा जाऊन आली, एकदा मामाबरोबर आणि दोनदा माझ्याबरोबर. भाऊजी एकदाही नाहीत. नोकरीत होते तोवर त्यांचा गर्दीचा हंगाम असायचा, आणि तो हंगाम बारा महिने चालायचा. ‘निवृत्त झालो की पहिली गाडी तिकडची’ असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. निवृत्तीला चार वर्षं झाली. तिकडे रोज चार गाड्या जातात. हिशेब तुम्हीच करा.

आणि मग मावशीचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला, कारण तिला फोन कानाला लावला की ऐकू येतं पण बोलता येत नाही.

“ताई, घर विकलं गं. मुलाकडे राहायला चाललेय. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्यात.”

“अगं बाई! इतक्यात?”

“इतक्यात कसलं, बावीस वर्षं झाली. आता यायचं तर ये, आणि भाऊजींना घेऊन ये. त्यांच्या खुर्चीवर आजवर मी कुणाला बसू दिलं नाही. ते आलेच नाहीत तर मी ती खुर्ची त्यांच्या नावाने पार्सल करीन.”

अप्पा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर त्यांच्या तोंडासमोर होता.

“ऐकलंत का?” आईने विचारलं.

“ऐकलं. आखतो बेत.”

“आखा,” आई म्हणाली. तिचा आवाज इतका गोड होता की मला अप्पांची काळजी वाटली.

नंतर भांडी आवरताना मी तिला म्हटलं, “तू समुद्र तीनदा पाहिलायस. एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“मला कुठे समुद्र बघायचाय?” ती कपबशी पुसत म्हणाली. “मला यांना समुद्र बघताना बघायचंय. एकतीस वर्षं हा माणूस दिवसाला चार गाड्या भरून लोक तिकडे धाडत होता. आणि स्वतः काय बघितलं? डेपोचं फाटक. एकदा त्या खुर्चीत बसलेले दिसू देत, मग त्या घराचं काय व्हायचं ते होवो.”

दोन दिवसांनी बारावा बेत तयार झाला. अप्पांनी वही माझ्यापुढे सरकवली, कारण आई चष्मा सापडत नाही म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

बेत दोन दिवसांचा. अप्पांची एक खोड आहे, डेपोतलीच: प्रत्येक कामाला ते राखीव वेळ धरतात. गाडी पंक्चर झाली तर, फाटक बंद असलं तर, रस्त्यात म्हशी बसल्या तर. घरातून निघायला राखीव वीस मिनिटं. स्टँडवर राखीव पन्नास. तिथे उतरल्यावर सामान मोजायला पंधरा, बहिणीने बहिणीला मिठी मारायला दहा, रडू आल्यास आणखी दहा. परतीची गाडी चुकू नये म्हणून तीन तास आधी निघणं. मी बेरीज-वजाबाकी केली.

“अप्पा, दोन दिवसांत समुद्राला चाळीस मिनिटं येतात.”

“मग? चाळीस मिनिटांत माणूस पुरेसा ओला होतो.”

“आणि खुर्चीला?”

“खुर्ची त्यातच. खुर्चीतून समुद्र दिसतो ना?”

आई डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेत म्हणाली, “चाळीस तर चाळीस. जाऊ या. तिकिटं काढते.”

अप्पा गडबडले. “तिकिटं... तिकिटं मी काढतो. पण आधी त्या रस्त्याचं काम सुरू आहे का ते बघावं लागेल. कामं सुरू असली तर सगळंच वेळापत्रक...”

मी पान उलटलं. मागे सामानाची यादी होती. मला याद्या वाचायची सवय. साबणदाणी एक, बॅटरी एक, टॉवेल दोन, आणि साबणदाणीच्या नि बॅटरीच्या मधोमध, अगदी गुपचूप, ‘प्लॅस्टिक पिशव्या (जाड): बारा’. त्याखाली ‘लिंबं: सहा’. त्याखाली ‘जुने पेपर’.

दोन माणसं, दोन दिवस. ओल्या कपड्यांना दोन पिशव्या लागतात, चपलांना एक. उरलेल्या नऊ कशाला? भांडारात कुठल्या वॉर्डाने नऊ जास्तीच्या चादरी मागितल्या तर मी आधी विचारते, तिथे नेमकं काय चाललंय. मी मागची पानं चाळली. पहिल्या बेतात पिशव्या सहा होत्या. पाचव्यात आठ. नवव्यात दहा. लिंबंही वाढत गेली होती. साबणदाणी मात्र पहिल्यापासून एकच.

लिंबू, जुना पेपर, जाड पिशवी. या तीन वस्तू एकत्र मी लहानपणी पाहिल्या होत्या, शाळेच्या सहलीत, बाईंच्या हातात, जिला गाडी लागायची त्या माझ्या मैत्रिणीसाठी.

मी वही मिटली आणि अप्पांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मला एकाएकी एक एक गोष्ट आठवायला लागली. कामावर ते सायकलने जायचे, पावसापाण्यातही. माझ्या लग्नाला हॉल त्यांनीच ठरवला, घरापासून चालत सात मिनिटांवर. मामाच्या गावी सगळे जीपने गेलो तेव्हा ‘घराला कुणीतरी हवं’ म्हणून ते मागे राहिले. आमच्या घरात चोरण्यासारखं काय होतं? त्यांची सायकल.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, अप्पांना गाडी लागते.”

“हळू बोल.”

“तुला माहीत आहे?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून,” आई डब्यातली डाळ निवडत म्हणाली. “बसने येत होतो माझ्या माहेराहून. अर्ध्या वाटेत हे उठले आणि म्हणाले, उतरू या, इथून देखावा फार सुंदर आहे, चालत जाऊ. आठ किलोमीटर! नव्या चपलांनी माझे पाय सोलून निघाले. आणि देखावा कसला गं, दगडाची खाण होती. यांचा चेहरा मात्र खाणीपेक्षा पांढरा.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“डेपोचा टाइमटेबल आणि त्याला बस लागते? लोकांनी त्यांना फाडून खाल्लं असतं.”

“लोकांचं सोड. त्यांनाच का नाही सांगितलंस की तुला माहीत आहे?”

आईने एक खडा वेचून बाजूला ठेवला. “सगळ्या संसारात एवढं एकच तर लपवलंय बिचाऱ्याने माझ्यापासून. पगार हातात देतात, पोट दुखलं तरी सांगतात, स्वप्नात कोण आलं तेही सांगतात. एवढं एक त्यांचं स्वतःचं आहे. तेही काढून घेऊ?”

“आणि खुर्ची?”

आईची डाळ निवडून झाली होती तरी ती निवडत राहिली.

महिना संपायला बारा दिवस उरले. मग नऊ. अप्पांनी रस्त्याच्या कामाची चौकशी केली, काम नव्हतं. मग हवामानाची केली, हवा स्वच्छ होती. मग तिकडे डास असतात का, हे विचारायला त्यांनी मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, “भाऊजी, डास आहेत, पण तुमच्यासाठी त्यांना समजावून ठेवते.” अप्पांकडची सगळी कारणं संपली. कारण संपलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या आठवड्यात पाहिलं. सकाळी पेपर उलटा धरलेला, संध्याकाळी सायकल दोनदा पुसलेली.

आठ दिवस उरले त्या संध्याकाळी मी चहाला गेले तेव्हा आई मावशीशी बोलत होती. स्पीकर चालूच होता. अप्पा समोरच्या खोलीत होते, मधलं दार उघडं.

“नाही गं जमत,” आई म्हणत होती. “माझे गुडघे. फार धरलेत. बसमध्ये सहा तास पाय दुमडून बसणं आता माझ्याच्याने होत नाही.”

“ताई, गेल्या आठवड्यापर्यंत तर तू...”

“गेला आठवडा वेगळा होता. हे बिचारे तयार होऊन बसलेत. तिकिटं काढायला निघाले होते, मीच थांबवलं. यांना काही बोलू नकोस हं. यांची काही चूक नाही.”

“मग खुर्च्या?”

“देऊन टाक कुणाला तरी,” आई म्हणाली. एवढ्या एका वाक्याला तिचा आवाज जरा खाली आला. फोन ठेवून तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, म्हणजे तोंड उघडू नकोस.

त्याच दिवशी सकाळी आई शिडी लावून माळ्यावर चढली होती. बॅग काढायला. अप्पांनीच शिडी धरली होती. दोन्ही गुडघे त्यांच्या नाकासमोरून वर गेले होते आणि खाली आले होते.

अप्पा मधल्या दारात येऊन उभे राहिले.

“गुडघे कधीपासून दुखतायत?”

“झाले चार-पाच दिवस.”

“सकाळी शिडीवर?”

“शिडीवर नाही दुखत. बसमध्ये दुखतात.”

“बसमध्ये बसलीस कधी?”

“अहो, माझे गुडघे आहेत की तुमचे?”

अप्पा खुर्ची ओढून बसले. उठले. पुन्हा बसले. मी पातेल्यातल्या चहाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

“मला गाडी लागते,” अप्पा म्हणाले.

मी गॅस बारीक केला.

“बस लागते. जीप लागते. रिक्षा लांबची असली तर तीही. लहानपणापासून. एकतीस वर्षं मी स्वतः लावलेल्या एकाही गाडीत बसलो नाही. तुझे गुडघे ठणठणीत आहेत. खोटं बोलायचं असेल तर मी बोलतो माझ्यासाठी, मला सवय आहे. तू बोलायचं नाहीस.”

आता आईची वेळ होती. मला वाटलं ती म्हणेल, माहीत आहे हो. पण तिने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि डोळे इतके मोठे केले की मला तिची काळजी वाटली.

“अग्गोबाई! खरंच की काय? तुम्हाला?”

“मला.”

“पण कधी वाटलं नाही हो! कधी म्हणजे कधी!”

“कसं वाटेल? वाटूच दिलं नाही,” अप्पा म्हणाले, आणि त्या तसल्या अवस्थेतही त्यांच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान आला. आई पदराआड खोकली. पुढचं अर्धं मिनिट ती खोकतच होती.

“आणि डेपोत?” मी विचारलं.

“डेपोत कुणाला माहीत नाही. गोळी घ्यावी तर औषधवाला आमच्या हेडक्लार्कचा मेहुणा. संध्याकाळपर्यंत सगळ्या डेपोला कळलं असतं. आणि गोळीने झोप येते. मी झोपलो तर गाडी वेळेवर आहे की नाही ते कोण बघणार?”

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र आईलाही ठाऊक नव्हती. हे मी तिच्या चेहऱ्यावरून सांगते, तिचा खरा चकित चेहरा फार लहान असतो. दर मंगळवारी अप्पा वाचनालयात जातात असा आमचा दोन वर्षांचा समज होता. ते वाचनालयात जात नव्हते. कोपऱ्यावरच्या थांब्यावरून गावातली बस पकडत होते. घड्याळ लावून. सराव.

“पहिल्या मंगळवारी अकरा मिनिटं टिकलो. मग सतरा. आता चाळीस मिनिटं काही होत नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला कानामागे घाम येतो. पन्नासाव्याला उतरावंच लागतं. पुढे सरकत नाही. सहा तासांचा रस्ता आहे. या वेगाने मला ब्याऐंशिव्या वर्षी जमेल.”

“म्हणून मंगळवारी जेवत नाही तुम्ही,” आई म्हणाली. “आणि मी म्हणायची, पुस्तकं वाचून भूक जाते यांची.”

ती उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या कानामागे बोट फिरवलं, घाम बघायला की काय कोण जाणे. म्हणाली, “चाळीस मिनिटं चालतं ना?”

“चाळीस पक्की.”

“मग चाळीस मिनिटांनी उतरायचं.”

“आणि गाडी?”

“गाडी जाऊ दे पुढे. दुसरी येईल. तुम्हीच लावलेल्या आहेत ना सगळ्या?”

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षं लोकांना लवकरात लवकर पोचवायचा विचार केलेल्या माणसाला उशिरा पोचायचं सुचलंच नव्हतं. थेट गाडी सोडून कुणी मुद्दाम तुकड्यातुकड्याने जाईल, असा प्रवासी त्यांच्या वेळापत्रकात कधी नव्हता. त्यांनी वही ओढली. पेन्सिल कानावरून काढली. आणि मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. एकही पुस्तक न उघडता, डोळे मिटून, ते गाड्या सांगायला लागले.

“सहा दहाची साधी गाडी. साखर कारखान्याच्या फाट्यावर सहा पन्नास. तिथे सावली आहे, नळ आहे. सात वीसला मागून लाल फाट्याची येते, ती अडतीस मिनिटं. नाही नाही, ती नको, तिचा चालक ब्रेक मारतो. सात पंचवीसची...”

“पोचणार कधी?” मी विचारलं.

“नऊ गाड्या, आठ थांबे. चार वाजून दहा मिनिटं.”

“संध्याकाळी?”

“मग काय मध्यरात्री? अगं, दिवसभराचा प्रवास. जायला एक दिवस, यायला एक, मध्ये दोन दिवस तिथे.”

“आणि राखीव वेळ?”

त्यांनी पान न्याहाळलं. पहिल्यांदाच असं झालं होतं. “धरलाच नाही की,” ते म्हणाले. “जागाच उरली नाही.”

तो तेरावा बेत मी नीट वाचला. डेपोच्या वेळापत्रकासारखेच रकाने होते: ठिकाण, आगमन, प्रस्थान, थांब्याचं कारण. डेपोच्या कागदावर त्या शेवटच्या रकान्यात ‘चहापाणी’, ‘चालक बदल’, ‘डिझेल’ असं काय काय लिहिलेलं असायचं. अप्पांनी आठही थांब्यांपुढे, टपोऱ्या अक्षरात, एकच शब्द लिहिला होता. ‘मी’.

शुक्रवारी सकाळी दोघं निघाली. सामानात बारा पिशव्या मीच मोजून ठेवल्या, साबणदाणीच्या नि बॅटरीच्या मध्ये नाही, वरच, हाताला लागतील अशा. अप्पांनी ते पाहिलं आणि बॅगेची चेन लावली. सहा दहाच्या गाडीचा वाहक त्यांच्या हाताखाली शिकलेला. तो आदराने उठून म्हणाला, “साहेब, तुम्ही? आमच्या गाडीत? कुठपर्यंत?”

“कारखान्याच्या फाट्यापर्यंत,” अप्पा म्हणाले. “मला गाडी लागते.”

“हात्तिच्या! मलाही लागायची साहेब. नोकरीची पहिली दोन वर्षं,” वाहक म्हणाला, आणि घंटी मारली.

दिवसभर भांडारात माझं मोजमाप चुकत होतं. साडेचारला मावशीचा फोन आला.

“पोचले का?”

“पोचले गं, पण भाऊजी दारातच उभे होते. आत येईनात. म्हणे बारा मिनिटं उशीर झाला, सहाव्या थांब्यावरची गाडी उशिरा आली, तिची तक्रार आधी लिहितो. ताईने ओढून आत घेतलं.”

“आणि आता?”

“आता वर आहेत, गॅलरीत. खुर्चीत बसलेत. घड्याळ हातात धरून लाटा मोजतायत. म्हणाले, या आपल्या गाड्यांपेक्षा वेळेवर आहेत, यांचं वेळापत्रक कोण लावतं?”

“आई काय करतेय?”

“ताईने तिची खुर्ची फिरवून घेतलीय. समुद्राकडे पाठ करून बसलीय. मी म्हटलं, अगं एवढी आलीस, बघ तरी. तर म्हणते, बघतेय की.”

सोमवारी संध्याकाळी दोघं परत आली, आठ थांबे घेत. अप्पांचं नाक उन्हाने सोललं होतं आणि आई गुडघे खरोखरच दुखतात म्हणत होती, दोन दिवस वाळूत चालून. मी सवयीने सामान उपसलं. साबणदाणी एक, बॅटरी एक, टॉवेल दोन, ओले. पिशव्या मोजल्या. दोनमध्ये शिंपले, एकीत वाळू, ती कशाला आणली विचारलं तर अप्पा म्हणाले, कुंडीत घालायला. सात कोऱ्या, घडी न मोडलेल्या. एक चपलांची.

अकरा.

मी पुन्हा मोजल्या. अकराच भरल्या. भांडारात एक उशीचा अभ्रा कमी पडला तर मी तीन वॉर्डांत फिरते, सह्या घेते. मी मान वर केली. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते, अगदी लक्ष देऊन. आई चहा टाकत होती, तीही अगदी लक्ष देऊन.

“सगळं आलं ना बरोबर?” अप्पांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

“सगळं,” मी म्हटलं, आणि बॅग माळ्यावर न टाकता खाली, हाताशी राहील अशी ठेवली.